मगरतळ्याची वाट

प्रिय बाबा,

आपल्या गावची जेलिया तुमच्या वॉर्डात नर्स आहे, म्हणून हे पत्र तिच्याकडे देते आहे. तुम्ही डायलिसिसला पडलेले असाल तेव्हा ती ते देईल. तुमचा लेक एदिवान बाहेर बाकावर असेल. सावकाश वाचा.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ‘दाल्वा, तुकुनारेचे दिवस आले. यंदा कधी निघायचं?’ मागून एदिवान हसला, ‘आधी बरे व्हा, मग मासे.’ मी म्हटलं, ठरवते आणि कळवते. तर बाबा, ठरवते आहे.

नदी यंदा फार उतरली आहे. धक्क्याच्या पायऱ्या संपल्या तरी पाणी लागत नाही, पुढे चिखलात फळ्या टाकल्यात. तुमच्या तिकडून, मनाउसहून येणारी मोठी बोट बंद आहे. छोटी लाँच येते, वाळूत रुतली की सगळ्यांनी उतरून ढकलायची. जंगल कुठेतरी जळतंय, त्यामुळे वाळत घातलेल्या कपड्यांनासुद्धा धुराचा वास येतो. गळाने मासे धरायला पाहुण्यांना घेऊन येणारी तरंगती हॉटेलं यंदा आलीच नाहीत. तिबुर्सियोकाका धक्क्यावर बसून सगळ्यांना ऐकवतात, ‘पाणी कमी असलं की तुकुनारे गळाला लागतो हे खरं, पण पाणी तर असायला हवं ना, बाबांनो.’

त्यांना घेऊन मी आपलं नेहमीचं मगरतळं बघून आले. तुम्हाला खोटं सांगायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सांगते. ओढ्याच्या तोंडाशी होडी अडकली. पुढे आम्ही तिला ओढत नेलं. मधलं पात्र भेगाळलंय. तळ्याच्या काठी मेलेले मासे होते, पोट वर करून, आणि गिधाडं इतकी सुस्तावलेली की आम्ही जवळून गेलो तरी उडाली नाहीत. पाण्यात हात घातला, तर ते अंघोळीला काढल्यासारखं कढत. पलीकडे बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांपाशी तेवढी खोल जागा उरली आहे. काकांनी तिथे तुमचा तो लाल डोक्याचा, आमिषाचा लाकडी मासा चार-पाचदा टाकला. फटफट आवाज करत तो पाण्यावरून परत आला. खालून कुणी आलं नाही. काका दोरी गुंडाळत म्हणाले, ‘इथे तुझ्या बापाला आणून काय दाखवणार आहेस?’

परत येताना मला तो पाहुणा आठवला, ज्याला कपाळावर टेंगूळ आलेला मोठा नर तुकुनारे लागला होता. होडीत मी पुढे बसले होते, लहान होते. नराच्या भोवती पाण्यात पिल्लांचा ढग होता. तुम्ही त्याला म्हणालात, ‘साहेब, सोडा. बाप गेला की पिरान्या मासे यांना क्षणात संपवतील.’ त्याला फोटो हवा होता, माप हवं होतं. तुम्ही शांतपणे पुढे झालात आणि दोरी कापलीत. त्या हंगामात हॉटेलवाल्याने तुम्हाला वाटाड्या म्हणून पुन्हा बोलावलं नाही. आई तुमच्याशी बोलेना. तुम्ही मॅनिओकच्या कंदाचा रवा मीठ लावून खात बसायचात आणि शीळ घालायचात. मी विचारलं, वाईट नाही वाटत? तुम्ही म्हणालात, ‘वाटतं की. पण दोरी हातात माझ्या होती.’

एदिवानबद्दल वाईट लिहिणार नाही. लिफ्ट बंद पडते तेव्हा तो तुम्हाला पाठीवर घेऊन जिने उतरतो, हे जेलियाने सांगितलं. तुमचं पथ्याचं तोच शिजवतो, चव बघतो आणि स्वतःही तेच खातो. माझ्याशी मात्र धड बोलत नाही. मागे मी भीतभीत तुम्हाला इकडे आणायचा विषय काढला, तर म्हणाला, ‘तू दूर राहून दयाळू होऊ नकोस. रोज मी त्यांना जिवंत ठेवतोय.’ त्याचंही खरं आहे, बाबा. म्हणूनच मला झोप लागत नाही.

आता बेत ऐका. मी लाँचने येईन. इकडे आणताना तुम्हाला छपराखाली, मधोमध झोपवू, तिथे हादरे कमी बसतात. गावात थांबायचं नाही, नाहीतर सगळी भेटायला येतील आणि रडतील. काका होडीला लांब दांड्याची मोटर लावून तयार असतील. होडी अडेल तिथून तुम्हाला झोळीत घालून बांबूवरून न्यायचं. मी म्हटलं, काका, तुम्हाला झेपेल का? म्हणाले, ‘तुझा बाप तरुणपणी मी दारू पिऊन पडलो की मला घरी पोचवायचा, तेव्हा मी किती जड होतो त्याला विचार.’ काठावर कोरडी वाळू आहे. झोळी दोन झाडांना बांधली की पाणी समोर दिसेल. कॉफी, रवा, थोडी लिंबं. पथ्य तिथे पाळायचं नाही. मासा लागेल असं मी म्हणत नाही.

जूनमध्ये मी तुमची खुर्ची ढकलत होते, तेव्हा तुम्ही मागे न बघता म्हणालात, ‘दाल्वा, मला या नळ्यांत मरायचं नाही.’ मी ऐकलंच नाही असं दाखवलं, तुम्हीही पुन्हा बोलला नाहीत. परवा फोनवर तुम्ही माशांबद्दल विचारत नव्हतात, हे मला कळलं. डॉक्टरीणबाईंना मी विचारून घेतलंय. मशीन थांबलं की फार दिवस नसतात, सूज येते, दम लागतो, शेवटी गुंगी येते. त्रास कमी करणारी औषधं त्या देतील, कशी द्यायची ते जेलिया मला शिकवेल. एदिवानला मी तोंडावर सांगेन, चोरून नेणार नाही. तो मला कधी माफ करणार नाही, ते मी धरून चालले आहे. तुमचा विचार बदलला असेल तर जेलियाला नाही म्हणा, मला आनंदच होईल, देवाशपथ. पण हो असेल तर तेवढंच सांगा. मी येते. जाण्याचं सगळं ठरवलंय बाबा. परतीचं काही ठरवलेलं नाही.

तुमचीच,
दाल्वा