रविवारचा डबा

नोएडा,
गुरुवार, १४ मार्च २०१९

चि. उल्हास,

आशीर्वाद. मंगळवारी, १२ फेब्रुवारीला, सकाळी सव्वाअकरा वाजता, फरीदाबादला स्वतःच्या घरात चौकशी अधिकाऱ्याला चहा पाजत तू माझ्या मुलीची नोकरी घालवलीस. वेळ वीणाकडून कळली. तो निघाल्याबरोबर तू भाचीला फोन केलास म्हणे, "सगळं छान झालं" सांगायला.

माझे गुडघे आहेत तसेच आहेत. तुझ्या बायकोचा, वृंदाचा, मुरगळलेला पाय बरा झाला असेल.

त्या सरकारी प्रयोगशाळेत निवड झाली, तेव्हाच मी वीणाला बजावलं होतं, की फॉर्मवर नशेचा रकाना आहे, तिथे 'नाही' लिही. ती म्हणाली, "आई, जुनं असेल आणि आपणहून सांगितलं असेल तर सुरक्षा चौकशीत क्लिअरन्स मिळू शकतो. लपवलं की संपलं." मी म्हटलं, "स्वतःचं नाक कापून घेऊ नकोस." ती "अच्छा" म्हणाली. मला वाटलं, ऐकलं. तिने सगळं लिहिलं. कॉलेजातली ब्राउन शुगर, नशामुक्ती केंद्र, त्यानंतरची स्वच्छ नऊ वर्षं.

अधिकारी आधी माझ्याकडे आला. "मॅडम, बेटी ने कभी कोई नशा?"

"हमारे घर में सुपारी भी नहीं आती."

"पक्का?"

"मैं कॉन्व्हेंट में पढ़ी हूँ. झूठ हमें सिखाया नहीं गया."

त्याने लिहून घेतलं. मी सही केली.

मग तुझ्याकडे. केंद्राचं सांगितलंस, ते ठीक. ते तिनेच लिहिलं होतं. पण माझं कौतुक करायला तुला कोणी सांगितलं होतं? "दीदी हर संडे डिब्बा लेकर आती थी, शाम तक गेट पे बैठी रहती थी. बच्ची को उसी ने बचाया." डबा! त्यात थालीपीठ असायचं, हेसुद्धा तुला आठवलं. नको तिथे तोंड उघडण्याची तुझी लहानपणापासूनची खोड साठीतही गेली नाही.

आता फाइल अडकली आहे. आईने खोटं का सांगितलं, मुलीच्या सांगण्यावरून सांगितलं का, याचा खुलासा शुक्रवार, २२ तारखेपर्यंत मागितलाय. वीणा रोज माझ्यासमोर कागद ठेवते. "आई, एक ओळ. मी घाबरून खोटं बोलले, वीणाला माहीत नव्हतं. बस." पस्तीस वर्षं सरकारी नोकरीत माझ्या सहीवर कोणी बोट ठेवलं नाही. ती ओळ मी लिहिणार नाही.

तू लिहायचंस. मजकूर सांगते: वीणाला ती सवय माझ्या मुलाने, जयंतने लावली. लाजेपोटी मी बहिणीपासून सगळं लपवलं. केंद्रात मीच नेलं. डबा माझी बायको नेत असे. वयोमानाने बोलण्यात चूक झाली.

वृंदा रडेल. रडू दे. जयंतला त्या नशेपायी जाऊन दहा वर्षं झाली, त्याला कुठे नोकरी करायची आहे?

आणि पहिली पुडी कोणी कोणाला दिली, ते मला शिकवू नकोस. केंद्रातून सुटल्यावर वीणाने तुझ्या पायांवर डोकं ठेवून सांगितलं, "मामा, मीच दिली होती जयंतला," तेव्हा मी दारात होते. तू तिला उठवलंस. मग म्हणालास, "मामीला हे कधी कळू देऊ नकोस." म्हणजे लपवता येतं तुला. मनात असेल तेव्हा येतं.

तुझ्या सहीचा कागद बुधवार, २० मार्च, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडला पाहिजे. फोन नको, वीणाची मध्यस्थी नको. लेखी. नाही आला, तर दुसऱ्या दिवशी, रंगाच्या होळीला, मी फरीदाबादला येईन आणि तू दारात उभा असलास तरी तुला बाजूला सारून वृंदाला सगळं सांगेन.

उत्तराची वाट पाहणारी, तुझी सख्खी बहीण,
विजयालक्ष्मी