उरलेली जोडी

प्रिय बाबा,

पत्र आईच वाचून दाखवणार, म्हणून अक्षर मोठं काढलंय. चष्मा शोधण्यात तिचा पहिला अर्धा तास जाणार, हे मी धरूनच चालले आहे.

तुम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचात, आमची पोर वायूला चिमटीत पकडते म्हणून. खरंच, तेवढंच करते मी. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये कणभर हायड्रोजन कोंडायचा आणि स्क्रू पिळत दाब वाढवत न्यायचा, त्याचा धातू होतो का ते बघायला. ती टोकं तुम्ही घासून द्यायचात, केसाहून बारीक आणि तरीही सपाट. एका जोडीला तीन आठवडे, आणि डबीत चिठ्ठी, 'सांभाळून गं.'

दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळा बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर तुमची जोडी फुटली. माझं तोंड पडलं आणि सगळा राग तुमच्यावर निघाला. तुम्हाला आता दिसत नाही, पॉलिश कच्चं राहतं, बास करा, असं मी फोनवर फटकन बोलून गेले. तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात. दुसऱ्या दिवशी तुम्ही हिरे घासायच्या चाकावर कापड टाकलंत, हे आईकडून कळलं. पुढे दीड वर्षाने तुम्हाला खरंच दिसेनासं झालं, तेव्हा मनात आलं, म्हणजे माझंच बरोबर होतं. लिहितानाही लाज वाटते.

गेल्या महिन्यात कारखान्यातून आलेली कोरी जोडी अगदी तशीच फुटली. मग मी जुनी वही काढली. हायड्रोजन हिऱ्यातही मुरतो आणि त्याला ठिसूळ करतो, म्हणून सगळं गार ठेवावं लागतं. त्या दिवशी पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून मी तुमची जोडी थंड पेटीतून काढून तासभर टेबलावर ठेवली होती. माझ्याच अक्षरात वेळ लिहिलेली आहे.

तुमची एक जोडी डबीत तशीच पडून होती. परवा ती लावली, जिवापाड जपून गार ठेवली. आजवर आम्ही गाठला नव्हता एवढा दाब तिने झेलला आणि काचेसारखा नितळ हायड्रोजन काळा पडला. धातूच्या अलीकडची पायरी ही! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

आई, आता पुढचं गाळू नकोस, मोठ्याने वाच. बाबा, पॉलिश कच्चं नव्हतं. चूक माझी होती. तुमच्या डोळ्यांत अजून दीड वर्षाचं काम शिल्लक होतं, ते मी हिरावून घेतलं.

तुमचीच,
भिंगरी