कोचसाहेबांवर पूर्ण विश्वास आहे

ती. आत्यास साष्टांग नमस्कार. (खोलीत पलंग आणि मी मिळून जेमतेम मावतो, तेव्हा नमस्कार बसल्या बसल्याच घातला आहे; मी आडवा पडलोय असं तू समजून घे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढतेस की अजून खालूनच हाका मारतेस? माझी तब्येत ठीक, फक्त परवापासून घास उतरत नाही. तू म्हणशील, हा जेवत नाही म्हणजे काहीतरी मोठं झालंय. तसंच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी फुटबॉल क्लबात लागलो एवढंच तुला ठाऊक, आणि बाबांनी एव्हाना सगळीकडे सांगितलं असेल की पोरगं संघात आहे. आत्या, मी खेळत नाही. मी प्रसिद्धी विभागात आहे, म्हणजे होतो. क्लबात जे घडतं ते लोकांना अशा बेताने सांगायचं की काही घडलंच नाही असं वाटावं, हे आमचं काम. रंगाऱ्याकडे असताना ओल आलेल्या भिंतीवर रंग मारायचो, तेच हे, फक्त इथे बसायला खुर्ची होती. (रंगाऱ्याची नोकरी मी सोडली नव्हती, शिडी सुटली होती. ते पुन्हा कधीतरी.)

तर आमच्या विभागाच्या बाईंकडे दोन मजकूर कायम तयार असतात. पहिला, 'क्लबचा कोचसाहेबांवर पूर्ण विश्वास आहे.' दुसरा, 'क्लब कोचसाहेबांचा सदैव ऋणी राहील.' कोच बदलायचा ठरला की बातमीदारांना आधी विश्वास जातो आणि आठवड्याभराने ऋण. मी नवा होतो तेव्हा विचारलं होतं, काढायचंच आहे तर विश्वास कशाला? बाई म्हणाल्या, लोकांच्या मनाची तयारी नको का व्हायला? बाई वाईट नाहीत. त्यांच्या टेबलावर कुंडीत एक रोप आहे, ते गेली दोन वर्षं मरतंय आणि त्या रोज त्याला पाणी घालतात.

या खेपेला संघ इतका हरला की अध्यक्षांना धीर निघेना. विश्वास वगळा, थेट ऋण पाठवा, असा हुकूम आला. आणि आमच्याकडची रीत अशी की निरोपाची फिल्म आधी काढायची आणि माणसाला मागाहून सांगायचं, कारण सांगितल्यावर कोणी हसत नाही. साहेबांना मी सांगितलं की शाळेच्या मुलांसाठी छोटी फिल्म करतोय, मैदानात चालत जा आणि रिकाम्या गॅलरीकडे बघून हात हलवा. आत्या, या शहरात मला 'जेवलास का रे भटक्या?' असं विचारणारा हा एकच माणूस. (भटक्या हे नाव त्यांनीच ठेवलं. मी त्यांच्याकडे तीनदा दुसऱ्याच गावच्या गाडीची चौकशी केली होती, जायचं कुठेच नव्हतं.)

साहेब चालत गेले. मधोमध थांबले आणि शांतपणे म्हणाले, "हात कोणता हलवू? मागच्या क्लबात उजवा हलवला होता."

मी कॅमेऱ्याची झाकणी शोधायला लागलो. ती माझ्याच खिशात होती. मग ते जवळ आले आणि म्हणाले, तुझा दोष नाही, पोटासाठी करतोस. फक्त एक कर. मागच्या वेळी हे माझ्या बायकोला भाजीवाल्याने सांगितलं. वजन करता करता. बिचारी पिशवी तिथेच विसरून घरी आली. या वेळी मला स्वतः सांगू दे, समोर बसून. फोनवर असलं सांगत नाहीत.

बाई नव्या कोचला आणायला स्टेशनवर गेल्या होत्या आणि ऋण पाठवायचं काम माझ्यावर सोपवलं होतं. न पाठवावं तर बाईंना लगेच कळणार. तेव्हा तुझ्या भाच्याचं डोकं चाललं. ऋणाच्या जागी मी न वापरलेला विश्वास पाठवून दिला. बाईंना म्हणणार, चुकून झालं. तोवर साहेबांच्या घरी सगळं आलबेल वाटेल आणि ते आरामात पोचतील. मी स्वतःवर इतका खूश झालो की फोन बंद केला आणि साहेबांचं खोकं (बूट, शिट्टी, एक फाटका कोट) उचलून त्यांच्याबरोबर बसमध्ये चढलो. वाटभर ते पाठ करत होते. आधी चहा मागतो. मग म्हणतो, अगं, ऐक. नको, 'अगं ऐक' म्हटलं की ती घाबरते. नुसतं 'बस जरा' म्हणतो.

दार उघडलं तर काकूंनी माळ्यावरच्या बॅगा काढून पुसायला घेतलेल्या.

"शेजारीण अभिनंदन करून गेली," काकू म्हणाल्या. "पूर्ण विश्वास आहे म्हणे. मी काय आज कोचची बायको झाले?"

आत्या, विश्वासाचा अर्थ त्या घरात तीस वर्षं ठाऊक होता. माझ्यापेक्षा भाजीवाला परवडला. साहेब चपला न काढता उभे. ओठांत अजून 'बस जरा' घोळत होतं. काकूंनी एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं, फडकं खाली ठेवलं, बॅगा पायाने पलंगाखाली सारल्या आणि खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "चहा मागून घ्या आणि सांगा काय ते. मला कुठे काय माहीत आहे?"

साहेबांनी चहा मागितला. 'बस जरा' म्हणाले, त्या बसलेल्याच होत्या. मग सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. आणि काकू म्हणाल्या, "अगंबाई, असं कसं काढलं?" मी खोकं धरून दारातच होतो. मला कोणी आत बोलावलं नाही ते बरं झालं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला काढलं. माझी निरोपाची फिल्म काही काढली नाही. त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता, आणि रोपाला पाणी घालायचं राहिलं होतं. आपल्या काकांना नमस्कार. गुडघ्याला जपून राहा.

तुझा,
भटका भाचा

ता. क. खरं तर पत्र एवढ्याचसाठी लिहिलं. नोकरी गेल्याचं बाबांना तू सांग. तुझ्यासमोर ते ओरडत नाहीत. चहा होऊन जाऊ दे, मग सांग.

ता. क. २. पाकिटावर पत्ता लिहिताना आठवलं, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तुझी पत्रं बाबाच तुला वाचून दाखवतात. सगळं नव्याने लिहायला कागद नाही, आणि खरं तर धीरही नाही. तेव्हा बाबा, शनिवारी दुपारच्या गाडीने येतोय. दार उघडाल तेव्हा आधी मला बोलू द्या.