काटा थांबला म्हणणारं माणूस

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर सध्या साठ अंशांपर्यंतच वाकते, उरलेले तीस मनाने वाकलो असं समज.) तुझी तब्येत, भावोजींचा डावा गुडघा आणि भाचीचं बिस्किटांचं दुकान, तिन्ही नीट चालत असतील अशी आशा आहे. आपण शेवटचं बोललो त्याला तीन वर्षं, दोन महिने आणि नऊ दिवस झाले. मोजत बसलो नव्हतो, कॅलेंडरवर सहज नजर गेली. ज्या कारणाने बोलणं बंद झालं त्याबद्दल या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. अकरा ग्रॅम म्हणजे अकरा ग्रॅम, मग दुकान परक्याचं असो की सख्ख्या भाचीचं. हे पत्र केवळ वैद्यकीय माहितीसाठी आहे. आपल्या घरात आता माझ्याहून मोठं असं तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, तेव्हा कळवणं कर्तव्य समजतो.

तर, माझे हात थरथरतात. उजवा जास्त. आधी मी दोष चिमट्याला दिला, मग टेबलाला, मग रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकना. (ट्रकच्या वेळा आठ दिवस वहीत लिहून थरथरीशी ताडून पाहिल्या. जुळल्या नाहीत.) वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याचा हात थरथरणं म्हणजे न्हाव्याला उचकी लागण्यासारखंच आहे, फक्त माझं गिऱ्हाईक रक्तबंबाळ होत नाही इतकंच. शिवाय मान सदानकदा ताठ, जणू मागून कोणी हाक मारणार आहे आणि ती मारतच नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोक्याचे फोटो काढले, सगळं ठणठणीत निघालं. म्हणाले, तुमची मज्जासंस्था सतत सावध राहून दमली आहे, तिला ताळ्यावर आणायला मदत करणारा एखादा थेरपिस्ट शोधा. मी विचारलं, नेमकी किती बिघडली आहे? ते म्हणाले, याला आकडा नसतो. ज्या यंत्राला आकडा नाही ते दुरुस्त करणाऱ्यांबद्दल माझं मत तिथल्या तिथे वाईट झालं.

तुला माहीतच आहे, मी कुठल्या शाळेत जाऊन हे काम शिकलो नाही. औषधवाल्याने टाकून दिलेला तराजू बाबांनी घरी आणला, मी तो उघडला, आणि जे शिकलो ते त्याच्याकडूनच. तेव्हा स्वतःची मज्जासंस्था मला परकी का वाटावी? वाचनालयातून पुस्तकं आणली. मेंदूतून निघून पोटापर्यंत उतरणारी एक लांबलचक नस असते, तिची तीन रंगांत आकृती काढून भिंतीवर लावली. (हिने तिला घरातल्या नळांचा नकाशा समजून प्लंबरला दाखवलं. प्लंबर म्हणाला, जोडणी चुकीची आहे, पण काम सुबक.) पंधरा दिवस श्वास मोजले, नाडी मोजली, आलेख काढला. आलेखाची रेघ इतकी थरथरली की कोणती थरथर छातीतली आणि कोणती हातातली हेच कळेना. ही म्हणाली, "अहो, स्वतःचं वजन स्वतःला उचलून करता येतं का?" शिवणकामाचे वर्ग घेणाऱ्या बाईने मला वजनाबद्दल शिकवावं, असे दिवस आले आहेत.

मग शोध सुरू केला. पहिला थेरपिस्ट फोनमधला होता, म्हणजे माणूस नव्हताच, एक गोड आवाज होता. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर. मी स्टॉपवॉच लावलं. त्याचे चार सेकंद तीन पूर्णांक सात दशांश भरत होते. लोकांच्या श्वासात रोज किती घट येत असेल याचा हिशोब करून दोन पानी तक्रार पाठवली. उत्तर आलं, "तुमच्या भावना आम्ही समजू शकतो." दुसरे गृहस्थ मोठ्या दालनात बसायचे. त्यांचं म्हणणं, शरीरातली भीती हलवून बाहेर काढायची असते. आत गेलो तर वीसेक माणसं उभ्याउभ्या थरथरत होती, स्वखुशीने. मला म्हणाले, तुम्हीही सुरू करा. म्हटलं, मी घरूनच करून आलोय. ते खूश झाले, सगळ्यांना थांबवून म्हणाले, बघा, याला म्हणतात नैसर्गिक! ताई, उभ्या आयुष्यात माझ्या हाताला पहिल्यांदा टाळ्या पडल्या त्या अशा कारणासाठी. परत गेलो नाही.

तिसऱ्या बाई मला एका किल्ल्या बनवणाऱ्याने सुचवल्या, त्याच्याच दुकानाच्या वर त्यांची खोली आहे. पाटी नाही, दारावर एक कागद. वय तुझ्याएवढं, केस तुझ्यासारखेच घाईत बांधलेले. दोन खुर्च्या, एक खिडकी. मी बसलो तर खुर्ची डुगडुगली. कागदाची घडी घालून पायाखाली सरकवली, मग बोलायला बसलो. त्या म्हणाल्या, "पाय जमिनीला टेकलेले जाणवतात का?" मी पिशवीतून पाणसळ काढली, जमिनीवर ठेवली, बुडबुडा पाहिला आणि सांगितलं की जाणवतात, पण जमीन खिडकीकडे मीटरला चार मिलिमीटर उतरती आहे. दुसरी कोणी असती तर रागावली असती. या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. मला वाटायचं मीच कलले आहे." आणि हसल्या. मग विचारलं, हात पूर्ण शांत होता असं शेवटचं कधी आठवतं? तारीख नको, जागा सांगा.

आता तूच सांग, काय सांगायचं? मी सांगितलं ते आपलं जेवणाचं टेबल. काचेच्या पेटीतला तो तराजू. स्क्रू मागच्या बाजूला आणि काटा पुढे, त्यामुळे स्क्रू फिरवणाऱ्याला काटा दिसत नाही. म्हणून मी मागे आणि तू पुढे, हनुवटी टेबलावर टेकवून, श्वास लागू नये म्हणून तोंडावर ओढणी धरून. मी स्क्रू केसभर फिरवायचो आणि तू म्हणायचीस, "अजून नाही." मी परत केसभर. "अजून नाही." काटा झुलायचा, झुलायचा, आणि मग तू म्हणायचीस, "थांबला." तोपर्यंत मी हलायचो नाही. तू कधी चुकली नाहीस आणि कधी घाईही केली नाहीस, दुसऱ्या दिवशी परीक्षा असली तरी. पुढे तू लग्न होऊन गेलीस आणि मी समोर आरसा लावला. आरशात काटा उलटा दिसतो, पण सवय होते. मधे हिला बसवून पाहिलं. ही काटा अर्धवट झुलत असतानाच "थांबला" म्हणते, कारण गॅसवर काहीतरी असतं. तिच्या मते काटा असो की नवरा, थोडंफार इकडेतिकडे चालायचंच.

बाईंनी हे सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, तुमची मज्जासंस्था बिघडलेली नाही, ती वाट पाहते आहे. मी म्हटलं, हे निदान अत्यंत मोघम आहे. त्या म्हणाल्या, हो. मग खाली उतरलो आणि किल्लीवाल्याच्या बाकावर उगीचच वीस मिनिटं बसलो. त्याने विचारलं, "काका, किल्ली हरवली का?" मी म्हटलं, नाही, किल्ली आहे. दार लांब आहे.

असो. वैद्यकीय माहिती इथे संपते. दर गुरुवारी साडेचारला जातो. फरक आहे, साधारण बारा टक्के. (बाई म्हणतात टक्के काढू नका.) दुकानात दुरुस्तीला आलेला एका औषधवाल्याचा बारीक तराजू पाच आठवडे तसाच पडून आहे, तेवढा एक हाताला जमत नाही. बाकी क्षेम. भावोजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद, ती घेत असेल तर.

तुझा,
काटकोन
(तूच ठेवलेलं नाव. आता कोणी त्या नावाने हाक मारत नाही.)

ता. क. गुडघ्याला शेक देताना पाण्याचं तापमान पंचेचाळीस अंशांच्या वर नको.

ता. क. दुसरा. वर लिहिलं होतं की त्या विषयावर लिहिणार नाही. थोडं लिहितो. भाचीने दुकानातला जुना काटा दुसऱ्या कारागिराकडून दुरुस्त करून घेतला होता, मामा असताना. ते मला लागलं होतं, हे आधी नमूद करतो. त्या दिवशी दुकानात मी तो काटा उजेडासाठी काउंटरच्या टोकाला सरकवला. माझं किलोचं वजन ठेवलं, काट्याने किलो आणि अकरा ग्रॅम दाखवलं, आणि मी चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने म्हणालो की इथे मापात मारतात. तू म्हणालीस, "माझ्या लेकीला चोर ठरवलंस." त्याच्या आधी मी पेन्सिल काउंटरवर ठेवली होती आणि ती गडगडत खाली पडली होती. तूच उचलून दिलीस. काउंटरचं ते टोक उतरतं होतं. माझ्या धंद्यातला पहिला नियम, आधी बैठक तपास, मग माप. पाणसळ पिशवीतच होती, बाहेर काढली नाही. काटा बरोबर होता, पोरगी बरोबर होती. हे मला त्याच दिवशी घरी पोचून पिशवी रिकामी करताना कळलं. हात त्यानंतरच्या आठवड्यापासून थरथरतो. भाचीला वेगळं पत्र लिहिलं आहे, ते दुकानात गिऱ्हाइकं असताना मोठ्याने वाचायला सांग. किमान चार असावीत.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. बाईंच्या खोलीतल्या दुसऱ्या खुर्चीचा पाय मी नीट करून ठेवला आहे. त्या म्हणाल्या, कोणाला आणायचं असेल तर आणा. तिथे नाही आलीस तरी चालेल, सरळ माझ्या दुकानात ये. औषधवाल्याचा तराजू टेबलावर आहे, आरसा काढून ठेवला आहे. मी मागे बसेन. बोलायचं काही नाही, मनात राग असला तरी असू दे. फक्त समोर बसून बघायचं, आणि काटा झुलत असेल तर "अजून नाही" म्हणायचं. घाई करू नकोस. खरोखर थांबल्याशिवाय थांबला म्हणू नकोस.