सतरावी पायरी

प्रिय स्वराली,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्ता तुझ्या ऑफिसातल्या शेफालीनं दिला. तू नोकरी सोडलीस, आता घरांचे नकाशे काढणारच नाहीस, हेही तिच्याकडूनच कळलं. आईला कशाला सांगायचं, नाही का?

काल आमोदनं तुझा जिना तोडला. भिंतीतून निघालेल्या सागवानी पायऱ्या, काचेचा कठडा, सगळं टेम्पोत भरून गेलं. बाबा पडले ते तुझ्या फॅशनपायी, असं तुझ्या दादाचं म्हणणं. हॉस्पिटलात चारचौघांत त्यानं तुला तसं सुनावलं आणि तू तिथूनच बंगळुरूला परत गेलीस. आठ महिने झाले. नकाशे तू तिथूनच पाठवले होतेस; बांधून झालेला जिना तू पाहिलाही नाहीस.

बाबा तसेच आहेत. वेणूबाई अंग पुसून देतात, मी पेज भरवते. सकाळी पेपर वाचून दाखवते. महापालिकेची बातमी आली की सवयीनं थांबते, आता हे काहीतरी खवचट बोलतील म्हणून. बोलत नाहीत. बोलणारही नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

आता जे सांगायचं ते सांगते. तू सोळा पायऱ्या काढल्या होत्यास, सगळ्या एका उंचीच्या. मला सम आकडा नको होता. उजवं पाऊल टाकून चढायला लागलं की वरही उजवंच पडायला हवं, असं आमच्या माहेरी पाळायचे. ज्ञानदेव मिस्त्री म्हणाले, ताईंना विचारून घ्या. घर माझं आहे, तिला काय विचारायचं, असं मी म्हटलं. त्यांनी कुरकुरत अगदी वर एक बुटकी पायरी चेपून बसवली. स्वरालीला तरी कळव, असं बाबा म्हणत होते. मी त्यांनाच गप्प केलं. उतरताना त्याच पायरीवर त्यांचं पाऊल चुकलं गं.

टेम्पो गेल्यावर हे सगळं मी आमोदला सांगितलं. लेकीला वाचवायला तू काहीही बोलशील, असं म्हणून त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मिस्त्री दिवाळीत वारले. तुझी चूक नव्हती हे सांगणारी आता मी एकटीच उरले, आणि माझं कुणाला खरं वाटत नाही. तू ये, असं म्हणायचं तोंड मला नाही. जिना घरात उभा होता तोवर मी गप्प बसले, स्वराली. मोजून बघता आलं असतं, तोवर.

तुझीच,
आई