मशीन तुझ्याच लॉगिनला उघडतं

अजित,
आबांच्या छातीत पुन्हा धडधडतंय. त्यांना घेऊन परळच्या हॉस्पिटलात जातेय, चंपाकाकू खाली टॅक्सी थांबवून उभ्या आहेत. डॉक्टर फोनवर म्हणाले, कालचा ईसीजी लागेल. तो त्या छोट्या मशीनमध्ये आहे. लॅपटॉपच्या यूएसबीला लावलं, तर त्यावरचं तुझं लिनक्स म्हणतं, या युजरला परवानगी नाही. पासवर्ड तुझ्याकडे, आणि तुझा फोन बंद. मशीन लॅपटॉपवरच ठेवलंय. आलास की आधी ईसीजी काढून माझ्या मोबाइलवर पाठव, मग जेव. भात कुकरमध्ये आहे.

लॅपटॉपवर ज्या युजरच्या ग्रुपला ते मशीन उघडतं त्यात माझंही नाव घाल, हे चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधीपासून सांगतेय. दर वेळी तुझं एकच, "कशाला, मी आहे ना."

आत्ता आबा दारात खुर्चीवर बसून मलाच धीर देतायत, "घाबरू नको पोरी, अजित आहे ना."

प्रिती