हार्पशेजारची खुर्ची

९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. यांचा गुडघा बरा आहे, कान होते तसेच आहेत. तूही नव्या घरात रुळली असशील असं मी आपली धरून चालते, कारण तुझ्या कार्डावरून काही कळायला मार्ग नाही. ‘हार्प शुक्रवारी पोचेल. नव्या घराचा जिना अरुंद आहे. तू वापर.’ झालं कार्ड. इतकी वर्षं तुझी कार्डं अशी तीन वाक्यांची येतात, आणि मी ती उलटसुलट करून बघते, मागे काही लिहिलंय का म्हणून.

हार्प पोचली. चौघांनी मिळून वर आणली. दारातून आत घेताना त्यातला एक मला म्हणाला, मावशी, जरा भिंतीला लागून श्वास रोखून उभ्या राहा. म्हणजे मी किती सुटलेय ते तूच समज. शिलाई मशीन गॅलरीत गेलं, जेवायचं टेबल भिंतीला चिकटलं, आणि आता आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून भिंतीकडे बघत जेवतो. हे म्हणाले, तेहेतीस वर्षं तुझ्याकडे बघत जेवलो, आता डोळ्यांना जरा आराम. मी म्हटलं, तोच आराम मलाही आहे.

हमाल गेल्यावर मी हार्पवरचं कापड काढलं. नऊ तारा तुटल्या आहेत. लाकडाचा जो भाग तुझ्या खांद्यावर टेकायचा, तिथलं पॉलिश उडून तो फिका झालाय. मी तिथे हात ठेवून बसले आणि थोडी रडले. अठ्ठावीस वर्षं तू ती झाकून ठेवलीस, पण विकली नाहीस, कुणाला दिली नाहीस, आणि शेवटी दिलीस ती मला. ताई, तुझे आभार कसे मानू ते मला कळत नाही. फोनवर मानायला गेले असते तर तू ‘बरं बरं’ म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून लिहितेय.

तारा बसवायला एक बाई आल्या. पस्तिशीच्या असतील, गळ्यात सुतळीला तारा पिळायची किल्ली अडकवलेली. सायकलच्या दुकानावर त्यांची एक खोली आहे, तिथे त्या हार्प शिकवतात. कागद न ठेवता, मनाने वाजवायला शिकवतात. मी विचारलं, एकोणसाठ वर्षांच्या बाईला घ्याल का, जिला नोटेशन अडखळत वाचता येतं आणि बाकी काहीच येत नाही? त्या म्हणाल्या, काहीच येत नसेल तर फार बरं. दर शनिवारी जाते आता. हसू नकोस.

पहिल्या दिवशी त्यांनी डाव्या हाताला खुणेच्या दोन लाल तारा दिल्या, उजव्या हाताला फक्त तीन. म्हणाल्या, या एवढ्यांवर काहीतरी सांगा. मी म्हटलं, काय सांगू? तर म्हणे, सकाळी काय झालं ते सांगा. सकाळी आमच्याकडे दूध नासलं होतं. मग दूध नासल्याचं वाजवा, म्हणाल्या. ताई, मी अर्धा तास त्या तीन तारांवर दूध नासवत होते. शेजारच्या खुर्चीवर एक दातांची डॉक्टर बसली होती, तिला एवढं हसू आलं की तिच्या पाळीला तिने माझंच दूध पुढे वाजवलं.

पण जित्याची खोड जात नाही. नकाशांच्या ऑफिसात एकतीस वर्षं मी दुसऱ्यांनी काढलेल्या रेघांवरून पारदर्शक कागदावर रेघा ओढल्या. केसाइतकीही रेघ हलली तर नकाशा फुकट. तो हात एकदम मोकळा कसा सुटणार? दुसऱ्या आठवड्यात मी काय केलं, घरी एक छोटीशी धून रचली, कागदावर उतरवली, पाठ केली, आणि शनिवारी आत्ताच सुचतंय अशा चेहऱ्याने वाजवून दाखवली. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, पुन्हा वाजवा. मी पुन्हा वाजवली. तंतोतंत तीच निघाली. मध्ये विचारात पडल्यासारखी जिथे थांबले होते, तिथे दुसऱ्यांदाही तेवढीच थांबले. बाई म्हणाल्या, “काकू, हे छान आहे. पण ते घरी झालं. आज काय?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खरं सांगते, आयुष्यात प्रथमच चूक पकडली गेल्यावर कुणी माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघितलं.

त्यांचा एक नियम मला फार आवडलाय. चुकीची तार वाजली की पळायचं नाही. तीच तार आणखी दोनदा वाजवायची आणि मग पुढे जायचं. म्हणजे ती परकी राहत नाही.

बाईंनी विचारलं, एवढी सुंदर हार्प, तुमच्या ताईंनी वाजवणं का सोडलं? मी म्हटलं, नोकरी बदलली. आणि लगेच, ती किल्ली कुठे मिळते, असं विचारलं.

पुरे आता. हे दोन वेळा डोकावून गेले, म्हणजे चहा हवाय. तब्येतीला जप, जिना सावकाश चढ.

तुझी धाकटी

२७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. ‘करंगळी आत ठेव. खुर्ची उंच घे. अंगठा वर.’ एका कार्डात तू मला जेवढं शिकवलंस तेवढं शिकायला मला तीन शनिवार लागले असते. खुर्चीवर उशी घातली आणि खांद्याचं दुखणं खरंच गेलं. तुझे पुन्हा आभार. मला आभार मानायची सवयच लागलीय, आणि ती वाईट नाही. हे म्हणतात, जरा इकडेही वळव.

गेल्या शनिवारी बाईंच्या खोलीत सगळ्यांचं वाजवणं होतं. अकरा जण, प्रत्येकाला पाच मिनिटं, समोर कागद नाही. माझी पाळी सातवी. सुरुवात बरी झाली. खिडकीखाली कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं, त्या ठेक्यावर मी डावा हात धरला. मग मध्येच सगळं गेलं. कुठून निघाले, कुठे चालले, काही कळेना. आणि ताई, माझे दोन्ही तळवे आपोआप उघडले आणि तारांकडे निघाले, आवाज बंद करायला.

तसे उघडलेले तळवे मी एकदाच बघितलेत. तुझे.

मी थांबले नाही. जी तार चुकली होती तीच पुन्हा वाजवली, पुन्हा वाजवली, आणि तिच्या पुढे एक वाट निघाली. चांगली नव्हती, पण होती. संपल्यावर टाळ्या झाल्या. दातांची डॉक्टर म्हणाली, मधला भाग सगळ्यात छान होता. सगळे खूश, मी सोडून.

मागच्या पत्रात मी तुला किल्लीपर्यंत सगळं लिहिलं, आणि जे लिहायचं ते लिहिलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी रीत जुनीच आहे. आज लपवत नाही.

तुला वाद्यवृंदात कायम करायचं की नाही, हे अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळच्या एकटीच्या वाजवण्यावर ठरणार होतं. दोन्ही हात तारांवर, पाय पेडलवर, म्हणून पानं उलटायला कुणीतरी हवं होतं. वाद्यवृंदातली एक मुलगी तयार होती. तू म्हणालीस, नको, माझी धाकटी बसेल, तिचा हात कधी चुकत नाही. मी तुझ्या डावीकडे खुर्चीवर बसले. मी मान हलवली की उलटायचं, एवढंच तू सांगितलंस. मला एवढ्या वेगाने नोटेशन वाचता येत नव्हतं, हे मी तुला सांगितलं नाही. तुझ्या शेजारी सगळ्यांसमोर बसायची हौस होती ना.

तिसऱ्या पानावर तू इतकं सुंदर वाजवत होतीस की मी पान बघायचं सोडून तुझे हात बघत बसले. मग एकदम दचकले, वाटलं, उशीर झाला, हिची मान हलून गेली. आणि पान उलटलं. तू समोर बघितलंस. मी ते परत मागे घेईपर्यंत तुझे तळवे तारांवर गेले होते. तशी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही.

पण पत्र त्यासाठी नाही. चूक कुणाचीही होते. आत, कोट घालताना, तू पांढरीफटक होऊन मला विचारलंस, “माझीच मान आधी हलली का गं?”

आणि मी “हो” म्हणाले.

ताई, तुझी मान हलली नव्हती. जरासुद्धा नाही. हात न चुकणारी म्हणून ज्या बहिणीवर तू भरवसा टाकलास, तिला तुझ्यासमोर चुकलेली दिसायचं नव्हतं, एवढ्यासाठी मी तुझी चूक करून टाकली. तू माझं खरं मानलंस. त्या दिवसानंतर तू दर गोष्टीत म्हणायला लागलीस, माझं काही खरं नाही, मी कधी काय करीन सांगता येत नाही. वाद्यवृंद सोडलास, हार्प झाकलीस, आणि शाळेच्या वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारत बसलीस. मी ते सगळं बघितलं. दर वेळी वाटायचं, आज सांगू. दर वेळी तुझं कार्ड यायचं, तीन वाक्यांचं, आणि चोराच्या मनात चांदणं, मला वाटायचं हिला कळलंय म्हणूनच ही एवढं कमी लिहिते. मग वाटायचं, नाही कळलेलं. मग त्यातच बरं वाटायचं. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

शनिवारी मला कुणी पान उलटून फसवलं नव्हतं, तरी मी हरवले. आणि हरवल्यावर काय करायचं ते मला शिकवलेलं होतं. तुला कुणी शिकवलं नव्हतं. तुझ्याकडे फक्त कागद होता, आणि तो मी काढून घेतला.

हार्प परत हवी असेल तर कळव, पाठवते. जिना अरुंद असला तरी चार माणसं काहीतरी करतील. माझ्याशी बोलायचं नसेल तर तेही बरोबर आहे. पण एवढं माझ्यावर विश्वास ठेवून वाच, मागे ठेवला होतास त्याहून जास्त नको, तेवढाच ठेव: तुझी मान हलली नव्हती.

तुझी बहीण

१९ डिसेंबर

प्रिय ताई,

आज तुझं पाकीट आलं. पाकिटावरचं अक्षर मी दोनदा निरखून बघितलं, कारण तुझं नेहमी कार्ड असतं. आत पाच पानं. हे म्हणाले, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही, ताई आली.

पहिली साडेतीन पानं मी यांना वाचून दाखवली नाहीत. ती माझी आहेत. तू जे जे म्हणालीस ते सगळं खरं आहे, आणि भित्री हा शब्द तू तीनदा वापरलास तो तिन्ही वेळा नेमका बसला. मला एकच गोष्ट माहीत नव्हती. स्वतःच्या मानेचा भरवसा राहिला नाही म्हणून तू गाडी चालवणंसुद्धा सोडलंस, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तुला बस आवडते. ती ओळ वाचून मी उठून गॅलरीत गेले.

तू लिहिलंस की माफीचं तुला अजून काही सांगता येत नाही, आणि मी विचारूही नये. विचारणार नाही. पण तू रागावलीस, ताई, पाच पानं भरून रागावलीस, दोन्ही बाजूंनी, समासात आडवं लिहून. अठ्ठावीस वर्षांत तू माझ्याशी एवढं बोलली नव्हतीस. त्याबद्दल मी तुझी मनापासून आभारी आहे. वेडी म्हण हवं तर.

आणि शेवटच्या पानावरचं: ‘तरीही मी थांबायला नको होतं. पान गेलं होतं, हात गेले नव्हते. तुझ्या त्या बाईंना विचार, सहासष्ट वर्षांची नवशिकी चालेल का.’

मी पुढच्या शनिवारची वाट बघितली नाही, लगेच बाईंचा जिना चढून गेले. बाईंना सगळं सांगितलं, माझ्या ‘हो’सकट. त्यांनी हातातली तार आधी किल्लीने पिळून घेतली. मग म्हणाल्या, “ज्यांना सगळं वाजवता येतं त्यांना तीन तारा फार जड जातात. पण या म्हणावं.”

तेव्हा ये. उद्या ये, परवा ये. आतल्या खोलीत तुझा पलंग घातलाय, हार्प खिडकीकडे सरकवलीय, उशी घातलेली खुर्ची तिच्यापुढे तुझ्यासाठी आहे. राग तिकडे ठेवून येऊ नकोस, बरोबरच घेऊन ये. घर लहान आहे, पण तोही राहील.

तुझ्या रागासकट तुझीच,
धाकटी